करजगावचा कवी आणि देवाचा दरबार

ख्रिस्ती उपासना म्हणजे रविवारी सकाळी प्रार्थनामंदिरात जाऊन बसणे, एवढीच आपल्यापैकी पुष्कळांची समजूत असते. पण वसईकडील कॅथलिक मंडळी आपल्या उपासनेला ‘मिस्सा’ म्हणतात, त्या शब्दाचे मूळ मोठे बोलके आहे. लॅटिन उपासनेच्या अखेरीस भाविकांना निरोप देताना जे वाक्य उच्चारीत, त्यातल्या ‘पाठवणी’ या अर्थाच्या शब्दावरून साऱ्या विधीलाच ते नाव पडले! स्तुती, पापांची कबुली, शास्त्रवाचन, उपदेश, भाकर व द्राक्षरसाचे प्रभुभोजन, ही सारी शिदोरी. ती गाठीला बांधून भाविकाने पुन्हा जगाच्या सेवेला निघावयाचे.

ही शिदोरी मराठी माणसाला रुचावी म्हणून ज्याने आयुष्य वेचले, तो कवी रत्नागिरी जिल्ह्यातला. रेव्हरंड नारायण वामन टिळक यांचा जन्म १८६१ साली दापोली तालुक्यातील करजगावी झाला. १८९५ च्या १० फेब्रुवारीस मुंबईत त्यांनी बाप्तिस्मा घेतला आणि चित्पावन घरातला संसार एका दिवसात दुभंगला. नातलग तुटले, पत्नी लक्ष्मीबाईही काही वर्षे दुरावल्या.

टिळक अहमदनगरला अमेरिकन मराठी मिशनच्या कामात शिरले. तेथल्या उपासनेत इंग्रजी चालींवर बेतलेली भाषांतरित गीते पुष्कळ होती. शब्द मराठी, पण चाल परकी! कृष्णराव सांगळे यांच्यासारख्या ख्रिस्ती कवींनी कीर्तनाची वाट आधीच पाडली होती. टिळकांनी तिचा राजमार्ग केला. ज्ञानोबा-तुकोबांच्या अभंगांवर पोसलेला हा कवी ख्रिस्ताला अभंगातून आळवू लागला. झांजा-मृदंगाच्या साथीने पूर्वरंगात तत्त्व आणि उत्तररंगात बायबलातील आख्यान असे कीर्तन उभे राहिले, तेव्हा खेड्यातल्या अक्षरशून्य माणसालाही उपासना आपली वाटू लागली. रविवारचे गीत सोमवारी मोटेवर आणि जात्यावर गुणगुणता येईल, तरच ते आठवडाभर माणसाला बळ देणार!

या बळाची कसोटी त्यांच्याच घरी लागली. लक्ष्मीबाई परत आल्या, त्या सोवळे सांभाळीतच. पुढे सोवळे गळून पडले आणि १९०० साली त्यांनीही बाप्तिस्मा घेतला. दुष्काळात पोरकी झालेली मुले याच घरात आईच्या मायेने वाढली. प्रार्थनेत ज्याला ‘बाप’ म्हणावयाचे, त्याची लेकरे दाराशी उपाशी असताना दार लावून कसे चालेल?

तरीही टिळकांचे समाधान होईना. मिशनच्या चौकटीबाहेरच्या ख्रिस्तभक्तांचे काय, हा प्रश्न त्यांना छळीत होता. १९१७ साली त्यांनी मिशनची नोकरी सोडली आणि साताऱ्यास ‘देवाचा दरबार’ मांडला. बाप्तिस्मा घेतलेले आणि न घेतलेले, दोघांनाही तेथे मज्जाव नव्हता. भक्ती आणि बंधुसेवा एवढीच अट. दरबार भरतो न भरतो तोच, ९ मे १९१९ रोजी टिळकांनी मुंबईत देह ठेवला.

दरबार फार दिवस टिकला नाही. गीते मात्र टिकली. औपचारिक शिक्षण नसलेल्या लक्ष्मीबाई पतीमागे स्वतः कीर्तनास उभ्या राहिल्या आणि टिळकांचे अपुरे ‘ख्रिस्तायन’ त्यांनी पुढे नेले. मराठी ख्रिस्ती मंडळ्यांच्या ‘उपासना-संगीता’त टिळकांची पदे आजही आहेत. रविवारी ती गाऊन माणसे उठतात, आशीर्वाद घेतात आणि आपापल्या शाळेकडे, शेताकडे, रुग्णाच्या उशाशी परततात. उपासनेचा उत्तररंग तिथे सुरू होतो.