मूळ स्वरूपातले जीपडे

उतारवयात माणसाला काहीतरी लागतेच. कुणाला गीतेचे वर्ग लागतात, कुणाला पत्ते लागतात, कुणाला डॉक्टर लागतो. मला जीप लागली. लागली म्हणजे धडकली, असा अर्थ काही हितचिंतकांनी घेतला आणि ते संत्र्यांची पिशवी घेऊन भेटायलाही येऊन गेले. पण ही पिशाच्च लागते तशी लागली होती. त्याच्यावर संत्री चालत नाहीत.

तीस वर्षे शाळेत इतिहास शिकवून मी निवृत्त झालो आणि मुळशी तालुक्यात, पौडच्या पुढे, लहानसे घर बांधून राहिलो. घरापर्यंतची शेवटची दीड मैलाची वाट उन्हाळ्यात ओढा असे आणि पावसाळ्यात नदी. तिला रस्ता म्हणणारा जगात एकच कागद होता, तो म्हणजे जमिनीच्या दलालाचा नकाशा. तेव्हा एक जुनी जीप विकाऊ आहे असे कानावर आले. १९६८ सालची, महिंद्रची. मी इतिहासाचा मास्तर. मला वाटले, चला, अस्सल साधन हाती लागले! अस्सल कागद कोणता आणि बनावट कोणता, हे ओळखण्याचा मला थोडाफार सराव होता. पण कागदाला वाळवी लागलेली दिसते. लोखंडावर हिरवा रंग मारला की आतले काही दिसत नाही.

सगळे पैसे मोजून झाल्यावर मी म्हणालो, "जरा सुरू करून दाखवता का?"

"आज इंजिन थंड आहे," मालक म्हणाले. पुढे कळले की ते तीन वर्षे थंड होते.

जीप ट्रॅक्टरला दोर बांधून घरी आली. हिने रीतीप्रमाणे भाकरतुकडा ओवाळून टाकला आणि विचारले, "आणि ही आपल्या पायांनी कधी चालणार?"

मी तिला इतिहासाचा आधार दिला. म्हटले, न पाहता जुन्या जीपा घेणारा मी काही पहिला नव्हे. १९४८ साली आपल्या लष्कराला जीपा हव्या होत्या. लंडनमध्ये कृष्ण मेनन आपले हायकमिशनर होते. तिथून जुन्या, दुरुस्त केलेल्या जीपांचा सौदा झाला, पैसे बरेचसे आधीच दिले गेले, आणि हाती आल्या त्या १५५ गाड्या लष्कराने बघूनच नापसंत केल्या. स्वतंत्र भारतातला पहिला गाजलेला घोटाळाच मुळी जुन्या जीपांचा! १९५५ साली सरकारने प्रकरण मिटल्याचे जाहीर केले आणि पुढे मेनन संरक्षणमंत्री झाले.

"तुमचं काय होणार ते सांगा," ही म्हणाली.

माझे झाले ते असे की मी मिस्त्रींच्या हाताखाली लागलो. मिस्त्री सत्तरीचे. त्यांच्या गॅरेजला पाटी नाही, दार नाही. एक आंब्याचे झाड आहे आणि त्याच्या फांदीला इंजिन उचलायची साखळी आहे. त्यांच्याकडे पुस्तकही नाही, कान आहे. स्क्रूड्रायव्हरचे टोक इंजिनला लावायचे, मूठ कानाला लावायची आणि डोळे मिटायचे. मग निदान. "मास्तर, तीन नंबर खोकतोय." पहिले सहा महिने त्यांनी मला पान्ह्याला हात लावू दिला नाही. रॉकेलच्या पत्र्याच्या डब्यात नटबोल्ट धुवायचे, एवढेच काम. तीस वर्षे मी मुलांना शुद्धलेखनाच्या चुका पाच-पाच वेळा लिहायला लावल्या, त्याचे हे फळ असावे. मी धुतलेला बोल्ट मिस्त्री उन्हात धरून बघत आणि न बोलता परत डब्यात टाकत.

पण सहा महिन्यांनी मला एक गोष्ट कळली, ती तीस वर्षांच्या अध्यापनात कळली नव्हती. जीप हे इतिहासाचे पुस्तक आहे आणि ते पालथे पडून, खालून वाचायचे असते.

मूळ कथा अशी. १९४० च्या उन्हाळ्यात अमेरिकन लष्कराने १३५ कारखान्यांना पत्रे धाडली. हलकी, चारही चाकांनी ओढणारी गाडी पाहिजे. नमुना ४९ दिवसांत पाहिजे. १३५ पैकी उत्तर दोघांचे आले, आणि ४९ दिवसांची अट फक्त बॅन्टम नावाच्या, जवळजवळ दिवाळे निघालेल्या कारखान्याने मान्य केली. ज्याच्याकडे दुसरे काम नसते तो वेळेवर काम देतो, हा अनुभव आपल्यालाही आहे. कार्ल प्रॉब्स्ट नावाच्या इंजिनियरने दोन दिवसांत आराखडा काढला आणि २३ सप्टेंबर १९४० रोजी, मुदत संपायला अर्धा तास असताना, गाडी लष्कराच्या दारात उभी राहिली. लष्कर खूश झाले. मग त्यांनी काय करावे? बॅन्टमचा कारखाना फार लहान म्हणून तो आराखडा विलिस आणि फोर्ड यांना दाखवला. युद्ध संपेपर्यंत त्या दोघांनी मिळून सहा लाखांवर जीपा काढल्या आणि बॅन्टमच्या वाट्याला आल्या अडीच-पावणेतीन हजार. बाकी वेळ त्यांनी जीपमागे जोडायच्या गाड्या बनवल्या. स्वयंपाक एकीने करायचा आणि पंगतीला दुसऱ्याच बसायच्या, ही रीत केवळ आपल्याकडची नव्हे.

या गाडीत सुखसोय म्हणून काही नव्हती. चालकाच्या बुडाखालीच पेट्रोलची टाकी, यावरून त्याच्या जिवाची काळजी किती होती ते दिसते. पण एक सोय होती. ती कुठेही, कुणालाही उघडता येत असे. विलिसचा भाग फोर्डला बसे, फोर्डचा विलिसला. तोफखान्यातल्या पोरालाही चिखलात बसून ती खोलता यावी, अशीच तिची बांधणी होती. आजच्या गाडीचे बॉनेट मी उघडतो तेव्हा काळ्या प्लॅस्टिकचे एक झाकण दिसते. त्याखाली काय आहे हे विचारणे अशिष्टपणाचे वाटते. जीपचे बॉनेट उघडले की सगळे कुटुंब ओसरीवर बसलेले दिसते. कोण रुसले आहे तेही दिसते.

ती आपल्याकडे आली त्याचीही गंमत आहे. १९४५ साली मुंबईत महिंद्र बंधू आणि गुलाम मोहम्मद यांनी मिळून ‘महिंद्र अँड मोहम्मद’ ही कंपनी काढली. फाळणी झाली. गुलाम मोहम्मद पाकिस्तानचे पहिले अर्थमंत्री झाले, मग गव्हर्नर जनरलही झाले. १९४८ साली इकडे ‘महिंद्र अँड महिंद्र’ नाव पडले. देशाचे दोन तुकडे झाले, पण कंपनीच्या आद्याक्षरांना त्याचा पत्ताच लागला नाही! १९४९ पासून माझगावात विलिसच्या जीपा जोडल्या जाऊ लागल्या.

माझ्या जीपचे बॉनेट आधीच्या जीपांपेक्षा उंच आहे. का, ते मला मिस्त्रींनी दाखवले. जुन्या इंजिनात हवा आत घेणारी झडप आणि धूर बाहेर टाकणारी झडप, दोन्ही बगलेत असत. मग नवे इंजिन आले, त्यात आत घेणारी झडप डोक्यावर गेली. इंजिनची उंची वाढली, म्हणून १९५३ च्या नमुन्यात बॉनेटही उंच केले. घरात उंच जावई आला म्हणून दाराची चौकट फोडून वर न्यावी, तसे. अमेरिकेत ते मॉडेल बंद झाले तरी आपल्याकडे त्याचा वंश पुढे कित्येक वर्षे नांदला.

माझ्या लहानपणी गावाला सरकार दिसायचे ते जीपच्या रूपानेच. १९६२ साली पंचायत समित्या सुरू झाल्या आणि ‘बीडीओची जीप’ हा भाषेतला एक कायमचा शब्द झाला. लांबून धुरळा दिसला की गाव अंदाज बांधी. सकाळचा धुरळा असेल तर देवी टोचणारे. पोरे उसात पळत. संध्याकाळचा असेल तर मते मागणारे. मोठी माणसे उसात पळत. पुढे जीप वडापला लागली आणि सरकार गेले तरी धुरळा राहिला.

आता मुद्द्याची गोष्ट. पाच वर्षांनी एकदा गाडीच्या नोंदणीचे नूतनीकरण करावे लागते. मागच्या खेपेला पुण्याचे एक हौशी स्नेही म्हणाले, "अहो, साधी नोंदणी कसली करता? २०२१ साली नवा नियम झालाय. पन्नास वर्षांवरच्या गाडीला मानाची नोंदणी मिळते. नंबरात ‘व्हीए’ अक्षरं. वीस हजार फी. फक्त गाडी मूळ स्वरूपात पाहिजे."

इतिहासाच्या मास्तरला ‘मूळ स्वरूप’ हा शब्द ऐकवणे म्हणजे मधुमेह्यापुढे श्रीखंड ठेवणे. मी वही घेतली आणि जीपचे मूळ शोधायला बसलो. इंजिन? पेट्रोल परवडेना म्हणून आधीच्या कुणा मालकाने डिझेलचे बसवलेले. म्हणजे ज्या जावयासाठी चौकट फोडली तो केव्हाच निघून गेला, चौकट तेवढी उंच राहिली. गिअरबॉक्स? नाना पेठेतून आणलेला. पाटे? पुण्याच्या जुन्या बाजारातले, रविवारी घासाघीस करून घेतलेले. पत्रा? पौडच्या कारागिराने ठोकलेला. डावा दिवा? ट्रॅक्टरचा. मागची बैठक? हिच्या माहेरची सतरंजी. हिशेब केला तेव्हा मूळ दोनच गोष्टी निघाल्या. एक चासीवरचा नंबर, आणि दुसरी, दुसरा गिअर अडकण्याची सवय. गिअरबॉक्स बदलला तरी दुसरा अडकतोच. याला वंशपरंपरा म्हणायचे की संस्कार, ते विद्वानांनी ठरवावे.

स्नेही म्हणाले, "सगळं उपटून टाका. मूळचं पेट्रोल इंजिन शोधू, मूळचा रंग देऊ." मी हुरळलो. खर्चाचा आकडा ऐकला, तरी हुरळलोच. मग त्यांनी सहज सांगितले, "मात्र मग ती रोजच्या वापराला काढायची नाही हं. प्रदर्शन, रॅली, दुरुस्ती, पेट्रोल भरणं, एवढ्यापुरतीच रस्त्यावर."

"म्हणजे दळण आणायला नाही?" हिने विचारले.

"नाही वहिनी."

"मग तिला देवघरातच ठेवा. रोज दोन फुलं वाहीन."

मी पेचात पडलो. त्याच सुमारास, मे महिन्यात, ताम्हिणीच्या वाटेवर एका म्हाताऱ्या बाबांना मी गाडीत घेतले. धरणाकाठच्या एका गावात त्यांना सोडायचे होते. मुळशीच्या पाण्याशेजारी पोचलो आणि जीप बंद पडली. डिझेलच्या नळीत हवा शिरली होती. मी पान्हा घेऊन हवा काढत बसलो, बाबा दगडावर बसले. थोड्या वेळाने त्यांनी पाण्याकडे बोट केले.

"मास्तर, तितं आमचं गाव."

"आणि आता राहता ते?"

"त्ये बी त्येच की."

मी वर्गात मुळशी सत्याग्रह शिकवला होता. १६ एप्रिल १९२१, रामनवमी. टाटांच्या वीज-धरणाविरुद्ध मावळ्यांचा लढा. सेनापती बापटांना सात वर्षांची शिक्षा. धरण झाले, १९२० च्या दशकातच पन्नासेक गावांचे शिवार पाण्याखाली गेले, भिऱ्याला वीज तयार झाली, मुंबईला पोचली. पाच मार्कांचा प्रश्न. दोन तारखा आणि तीन कारणे लिहिली की पैकीच्या पैकी.

"पण बाबा, गाव तर खाली होतं. हे वरचं तेच कसं?"

"नाव वर आनलं. द्येव वर आनला. मान्सं वर आली. आमच्या बापानं घराची लाकडंबी वर आनली." ते जरा थांबले. "भाताची खाचरं तेवडी ऱ्हायली खाली."

माझ्या हातातला पान्हा तसाच राहिला. माझ्या जीपचे सगळे बदलले, तरी तिचे काही अडले नाही. जे गेले ते जुन्या बाजारात मिळाले. खाचर हा भाग कुठल्याच बाजारात मिळत नाही. शंभर वर्षे होऊन गेली, तरी त्या माणसाच्या गावात तो एक भाग बसायचा राहिला होता. आणि मी मूळ रंगाची चिंता करत होतो.

"ही सुरू व्हनार का चालत जाऊ?" बाबांनी विचारले.

सुरू झाली. त्यांना मी दारापर्यंत सोडले. त्या दाराला गाडीने जायला जीपच लागते.

मी साध्या नोंदणीचा अर्ज भरला. स्नेही नाराज झाले. मिस्त्री मात्र म्हणाले, "बरं केलंत. उभ्या गाडीला उंदीर लागतात." त्यांच्या दोन्ही डोळ्यांत आता मोतीबिंदू आहे. आंब्याखाली खुर्ची टाकून ते बसतात, स्क्रूड्रायव्हरची मूठ कानाला लावतात आणि सांगतात. हात माझे चालतात. धुतलेला बोल्ट आता ते बोटांनी चाचपून पाहतात. अलीकडे तो डब्यात परत जात नाही. पण तो स्वच्छ असतो की मिस्त्री दमले आहेत, हे मी विचारलेले नाही.

तपासणीच्या दिवशी साहेबांनी जीपला एक फेरी मारली, ट्रॅक्टरच्या दिव्याकडे पाहिले, सतरंजीकडे पाहिले आणि विचारले, "गाडी कोणत्या सालची?"

मी सवयीने विचारले, "कुठला भाग?"

साहेब हसले आणि त्यांनी सही केली. पाच वर्षांची मुदत मिळाली. माझ्या डॉक्टरांनी मला अजून इतकी लांबची तारीख दिलेली नाही.