ओवेनची वही

समाजवादी विचाराचा इतिहास लिहिणारे रॉबर्ट ओवेनला बहुधा स्वप्नाळूंच्या पंक्तीत बसवितात. ही वहिवाट १८४८ च्या कम्युनिस्ट जाहीरनाम्याने घालून दिली. सँ-सिमाँ, फूरिये आणि ओवेन या तिघांची गणना त्याने एकाच वर्गात केली. पहिल्या दोघांविषयी हे वर्गीकरण कितपत खरे आहे हा प्रश्न वेगळा. ओवेनच्या बाबतीत मात्र ते दिशाभूल करणारे आहे. ब्रिटनमध्ये ज्या विचाराला पुढे समाजवाद हे नाव पडले, त्याचा एक मोठा प्रवाह कापसाच्या गिरणीच्या कचेरीत, जमाखर्चाच्या वहीवर उगम पावलेला आहे.

ओवेनचा जन्म १७७१ चा, वेल्समधील न्यूटाउन गावचा. खोगिरे करणाऱ्याचा हा मुलगा दहाव्या वर्षी घर सोडून कापडाच्या दुकानात उमेदवारी करू लागला आणि विशी उलटते न उलटते तोच मँचेस्टरमधील सुमारे पाचशे कामगारांच्या गिरणीचा व्यवस्थापक झाला. १८०० च्या जानेवारीत त्याने स्कॉटलंडमधील न्यू लॅनार्कच्या गिरण्यांची सूत्रे हाती घेतली. क्लाइड नदीच्या पाण्यावर या गिरण्यांची चाके फिरत. सुमारे दोन हजारांची ती वस्ती; त्यांत अनाथालयांतून आणलेली चारपाचशे मुले होती.

येथे त्याने एक विलक्षण साधन योजिले. प्रत्येक कामगाराजवळ एक लहानसा चौपैलू लाकडी ठोकळा टांगलेला असे. त्याच्या चार बाजू काळी, निळी, पिवळी व पांढरी अशा रंगविलेल्या. आदल्या दिवसाचे वर्तन जसे असेल तशी बाजू समोर येई: काळी म्हणजे वाईट, पांढरी म्हणजे उत्तम. ओवेन गिरणीतून फिरताना कोणास एक शब्दही बोलत नसे. माणसाकडे पाही आणि ठोकळ्याकडे पाही. हे रंग रोज एका वहीत चढविले जात. तिचे नाव चारित्र्याची वही. आपणांस दिलेला रंग अन्यायाचा आहे असे वाटल्यास कामगाराला मालकाकडे दाद मागता येई.

या ठोकळ्याला हसणे सोपे आहे. पण ज्या काळी मुकादमाचा चाबूक हीच गिरणीतील शिस्त होती, त्या काळी ही मोठी सुधारणा होती आणि तिच्यामागे एक सिद्धांत होता. दारिद्र्य हे दरिद्री माणसाच्या दुर्गुणांचे फळ आहे, अशी तत्कालीन सुशिक्षितांची सोयीस्कर श्रद्धा होती. ओवेनने १८१३ पासून प्रसिद्ध केलेल्या निबंधांत ती उलटी केली. माणूस आपले चारित्र्य स्वतः घडवीत नाही. परिस्थिती ते त्याच्यासाठी घडविते. मग दोष द्यावयाचा तर तो परिस्थिती निर्माण करणाऱ्यांना. गिरणीमालकांना उद्देशून त्याने केलेला युक्तिवाद तर खास व्यापारी थाटाचा आहे: निर्जीव यंत्रांना तेलपाणी करण्यात तुम्हांस नफा दिसतो, तर या सजीव यंत्रांची निगा राखण्यात अधिक नफा आहे. दहा वर्षांखालील मुलांना त्याने कामावर घेणे बंद केले, १८१६ मध्ये दिवसाचे काम पावणेअकरा तासांवर आणले, त्याच वर्षी वस्तीसाठी विद्यालय उघडले. आणि तरीही गिरणी नफ्यात चालली.

त्या नफ्यानेच त्याला अस्वस्थ केले. पुढे त्याने हिशेब मांडला, तो असा: न्यू लॅनार्कची अडीच हजार माणसे जेवढी संपत्ती निर्माण करीत होती, तेवढीसाठी अर्धशतकापूर्वी सहा लाख माणसे लागली असती. मग अडीच हजारांनी जे खाल्ले आणि सहा लाखांनी जे खाल्ले असते, त्यांतील फरक गेला कोठे? परोपकारी मालक आणि समाजवादी विचारवंत यांच्यामधली सीमारेषा या एका प्रश्नात आहे. १८१९ चा कारखान्यांविषयीचा कायदा मुळात ओवेनच्या खटपटीतून निघाला. पण तो कापसाच्या गिरण्यांपुरताच उरला आणि त्याच्या अंमलबजावणीसाठी एकही निरीक्षक नेमला गेला नाही. तेव्हा मालकांच्या सद्बुद्धीवरचा त्याचा भरवसा ढळला असावा. १८२० च्या लॅनार्क परगण्याच्या अहवालात तो श्रम हेच मूल्याचे माप मानून सहकारी वसाहतींची योजना मांडतो. त्याच्या अनुयायांच्या सहकारविषयक मासिकात १८२७ मध्ये ‘सोशलिस्ट’ हा शब्द छापलेला आढळतो.

या शब्दासाठी मराठीने ‘समाजवाद’ रूढ होण्यापूर्वी ‘समाजसत्तावाद’ हा प्रतिशब्द वापरला. ओवेनपुरते पाहिले तर या शब्दातील मधले पद नेमके त्याच्या विचारात नाही. समाज आहे, सहकार आहे, शिक्षण आहे. सत्ता कोणी, कोणाकडून घ्यावयाची, हा प्रश्नच नाही. त्याच्या वाक्यांत कामगार नेहमी कर्माच्या स्थानी येतो: त्याला घडवावयाचे, शिकवावयाचे, सुखी करावयाचे. आपण या लोकांना बरे दिवस दाखविले तरी ते आपल्या मर्जीवर जगणारे गुलामच होते, हे त्याने स्वतः प्रांजळपणे लिहून ठेविले आहे. स्वप्नाळूपणाहून हे न्यून अधिक खोल आहे. १८३४ मध्ये देशव्यापी कामगार संघ उभा राहिला तेव्हा नेतृत्व त्याच्याकडे आले; पण वर्गाने वर्गाशी झगडावे हे त्याला मानवेना. टॉलपडलच्या सहा शेतमजुरांना त्याच वर्षी काळ्या पाण्याची शिक्षा झाली, आणि वर्ष सरण्याच्या आत तो संघही मोडला. कामगार मात्र थांबले नाहीत. १८४२ च्या चार्टिस्ट अर्जावर तेहतीस लाखांहून अधिक सह्या होत्या. चारित्र्याच्या वहीत ज्यांच्या नावापुढे इतरांनी रंग भरले होते, त्यांच्यासारखेच हे लोक आता स्वतः लिहीत होते.

त्याच वर्षाच्या अखेरीस फ्रीड्रिख एंगल्स मँचेस्टरला आला. तोही गिरणीच्या कचेरीतला. वडिलांची तेथील पेढीत भागीदारी होती. ओवेनपंथीयांच्या पत्रात त्याने १८४३ मध्ये लेख लिहिले. इंग्लंडमधील कामगारवर्गाच्या स्थितीवरचे त्याचे पुस्तक १८४५ मध्ये लाइपझिगला जर्मन भाषेत निघाले. त्याची अर्पणपत्रिका मात्र इंग्रजीत आहे. ती ग्रेट ब्रिटनच्या कामगारवर्गाला उद्देशून आहे. ज्यांना ते अर्पण केले, त्यांच्या भाषेत ते पुस्तक उतरले १८८७ मध्ये, आणि तेही न्यूयॉर्कला. ओवेनला जाऊन तेव्हा एकोणतीस वर्षे झाली होती.