कळपाचा पहारेकरी

राजौरी-पूंछमध्ये नोकरी झालेल्यांना बकरवालांच्या कुत्र्यांची ओळख करून द्यायला नको. रात्री पेट्रोल निघालं की डेऱ्यावर सगळ्यात आधी चाहूल लागते ती त्यांनाच. वसंत ऋतूत बकरवाल मेंढ्या-बकऱ्या घेऊन पीर पंजाल ओलांडतात, उन्हाळा काश्मीरच्या कुरणांवर काढतात आणि थंडीआधी खाली परततात. वाटेत बिबट्या, अस्वल, लांडगा. भरवसा या केसाळ, दांडग्या कुत्र्यांवर.

हा कुत्रा मेंढ्या हाकत नाही, राखतो. पिल्लू असल्यापासून तो कळपातच वाढतो, त्यामुळे मेंढ्या त्याला आपल्याच वाटतात. श्वापद आलं की कळप आणि श्वापद यांच्या मध्ये उभा राहून भुंकतो. बहुतेक वेळा तेवढ्यावर भागतं, कारण जखमी लांडग्याला पुढची शिकार जमत नाही. लढाई टळणं हेच त्याचं यश.

ही विद्या जुनी आहे. रोमन लेखक व्हॅरो याने इ.स.पूर्व ३७ च्या सुमारास शेतीवर ग्रंथ लिहिला. लांडग्याचे दात गळ्याला लागू नयेत म्हणून कुत्र्याला खिळे ठोकलेला चामडी पट्टा घालावा आणि खिळे टोचू नयेत म्हणून आतून मऊ चामडं लावावं, असं तो सांगतो. पुढच्या शतकातला कोल्युमेला म्हणतो, मेंढपाळाचा कुत्रा पांढरा हवा. अंधूक उजेडात लांडगा समजून आपल्याच कुत्र्यावर वार होऊ नये. फौजी भाषेत, आपला आणि शत्रूचा माणूस ओळखण्याची सोय! आपल्या धनगरांच्या वाड्यावरही रात्री मेंढ्या वाघरीत, म्हणजे जाळीच्या कुंपणात, कोंडतात आणि बाहेर कुत्री जागी असतात.

आता फ्रान्सचं उदाहरण बघा. विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात तिथला लांडगा संपला. मग राखणीचा कुत्रा कशाला पोसायचा? आल्प्समधल्या मेंढपाळांची ती सवय मोडली. १९९२ मध्ये इटलीकडून आलेले लांडगे मर्कांतूरच्या डोंगरात दिसले आणि मेंढ्या मरू लागल्या. कुत्रे पुन्हा आणावे लागले, त्यांना वाढवायचं कसं हेही नव्याने शिकावं लागलं. इटलीच्या अब्रुझ्झो भागात लांडगा कधीच पुरता संपला नव्हता. तिथे पांढरे कुत्रे कळपाबरोबर होतेच.

पहाऱ्याची अडचण हीच असते. तो चोख असला की काहीच घडत नाही, आणि काहीच घडत नाही म्हणून तो खर्चिक वाटू लागतो. पीर पंजालमध्ये ड्यूटी केलेल्यांना शांत वर्षांचा अर्थ ठाऊक आहे. बकरवालालाही तो ठाऊक आहे. वर्षभरात एकही मेंढी गेली नाही, तरी तो कुत्र्याची भाकरी कमी करत नाही. पिल्लाचा पहारेकरी व्हायला दोन-एक वर्षं लागतात. लांडगा तेवढी वाट बघत नाही.