पत्ता नव्हे, तिथी

परगावचा पाहुणा जळगावी किंवा धुळ्यास उतरला की त्याचे तीन प्रश्न ठरलेले असतात : जेवावे कोठे, हिंडावे कोठे आणि रात्री पाहावे काय? पुण्यामुंबईचा माणूस अशा वेळी पत्ता सांगून मोकळा होतो. आम्ही खानदेशी मात्र उलट विचारतो, "आलात कोणत्या महिन्यात?" आमच्याकडील मौजेला पत्त्याहून तिथीचे महत्त्व अधिक. हे असे का झाले, हे पाहण्यासारखे आहे.

१८१८ नंतर खानदेशात इंग्रजी अंमल सुरू झाला आणि पहिले कलेक्टर कॅप्टन ब्रिग्ज यांनी धुळे हे जिल्ह्याचे मुख्य ठिकाण केले. जळगाव वाढले ते त्यानंतर. १८६० नंतरच्या दशकात रेल्वे आली, आणि त्याच सुमारास, १८६१ ते १८६५ या काळात, अमेरिकेतील यादवीमुळे आपल्या कापसाला कधी नव्हे तो भाव आला. एक शहर कचेरीने वाढवले, दुसरे कापसाने. दोन्हींत वस्तीला आलेली माणसे बहुतेक शेतकरी कुळांतली. घर शहरात झाले, तरी सणवार आणि हंगाम त्यांनी सोडला नाही.

म्हणून हिवाळ्यात येणाऱ्यास आम्ही खाणावळ दाखवीत नाही, मळ्यात नेतो. आसोदे-बामणोदकडची मोठी हिरवी वांगी कपाशीच्या वाळल्या काड्यांवर भाजावीत, सोलून लाकडी बडगीत हिरव्या मिरच्या-लसणासह ठेचावीत, वर कांद्याची पात, शेंगदाणे आणि तेलाची सढळ धार. सोबत कळण्याची भाकरी. जळगावच्या या वांग्याला २०१६ साली भौगोलिक मानांकन मिळाले. मळ्यातील पंगतीने ते त्याच्या कितीतरी आधी दिले होते.

चैत्री पौर्णिमेस येणाऱ्याने धुळ्यात पांझरेकाठी एकवीरादेवीची यात्रा पाहावी. वैशाखात आखाजी येते. झाडांना झोके बांधले जातात आणि माहेरी आलेल्या लेकी गौराईची गाणी म्हणतात. वर्षभर राबणाऱ्या सासुरवाशिणीला हक्काची अशी ही सुट्टी असे, हे विसरता कामा नये. श्रावणात कानबाईच्या रात्री घरोघर जागर होतो. कार्तिकात जळगावी वहनांच्या मिरवणुका निघतात आणि कार्तिकी एकादशीस रामाचा रथ. संत अप्पा महाराजांनी तो १८७२ साली सुरू केला. म्हणजे रेल्वे आली, पेठ वाढली आणि पाठोपाठ रथ आला. हा अवजड रथ चाकाला लाकडी मोगरी लावून वळवतात नि थांबवतात. वाटेत भिलपुऱ्यात लालशा बाबांच्या दर्ग्यापाशीही तो थांबतो. आमच्या शहराची रात्र कशी असते, असे कोणी विचारले तर आम्ही हेच उदाहरण देऊ.

आता भरीत हॉटेलात बारमाही मिळते आणि मांडे प्रदर्शनात विकत मिळतात. याबद्दल नुसते उसासे टाकणे आम्हांस योग्य वाटत नाही. पुरणाचा गोळा हातावर पसरवून तापल्या खापरावर टाकणारी बाई पिढ्यान्‌पिढ्या धुरात बसली. तिच्या कसबाचे कौतुक झाले, मोल झाले नाही. आज बचत गटांतून तिच्या हाती चार पैसे येत असतील, तर तो तोटा नव्हे, उशिरा फेडलेले ऋण आहे.

पण हिशेबाची दुसरी बाजूही पाहिली पाहिजे. मळ्यातल्या पंगतीत वांगी एकाची, तेल दुसऱ्याचे, आणि ज्याच्याजवळ काहीच नाही तो काड्या पेटवी. जेवायला मात्र सगळे सारखे बसत. रथाच्या दोराला हात लावण्यास तिकीट नव्हते. तिथीची मौज गरिबालाही त्याच्या हक्काने मिळे. विकतच्या मौजेत ज्याच्या खिशात पैसा नाही, तो दाराबाहेर राहतो.

म्हणून आमची सूचना साधी आहे. हॉटेल चालोत, मांडे विकले जावोत. मात्र हिवाळ्यात एकदा तरी आळीने मिळून मळ्यात जावे, आखाजीचा झोका बांधायला एखादे झाड राखावे, आणि पाहुण्यास पत्ता देण्याआधी महिना विचारण्याची आपली जुनी खोड सोडू नये.