स्ट्रेप्टोकोकसची ओळख पटविणारी मोनोक्लोनल प्रतिपिंडे

घसा दुखणे आणि ताप ही लहान मुलांची नित्याची तक्रार. बहुतेक वेळा तिच्यामागे विषाणू असतात व प्रतिजैविकांची गरज भासत नाही. काही मुलांमध्ये मात्र ‘अ’ गटातील स्ट्रेप्टोकोकस पायोजेनेस हा जीवाणू कारणीभूत असतो. या संसर्गानंतर काहींना संधिवाताचा ताप येतो आणि हृदयाच्या झडपांना कायमची इजा होऊ शकते. आजार सुरू झाल्यापासून ९ दिवसांच्या आत पेनिसिलिन दिल्यास हा धोका बहुतांशी टळतो. केवळ घसा पाहून दोन्ही आजारांत खात्रीने फरक करणे अनुभवी डॉक्टरांनाही कठीण जाते.

घशातील स्राव रक्तमिश्रित माध्यमावर वाढविणे ही जुनी व भरवशाची पद्धत. तिला एक ते दोन दिवस लागतात. स्ट्रेप्टोकोकसचे गट ठरविण्याची रीत न्यूयॉर्कच्या रॉकफेलर संस्थेतील रिबेका लान्सफील्ड यांनी १९३३ मध्ये मांडली. जीवाणूच्या भित्तिकेतील कर्बोदक ओळखणारी प्रतिपिंडे त्यासाठी सशांपासून मिळवीत. परंतु सशाच्या रक्तद्रवात अनेक प्रकारच्या प्रतिपिंडांचे मिश्रण असते. ती कधी दुसऱ्याच गटाला चिकटतात, शिवाय प्रत्येक सशाचा रक्तद्रव थोडा निराळा असतो.

ही अडचण दूर करणारे तंत्र केंब्रिजमध्ये जॉर्ज कोलर व सेझार मिलस्टीन यांनी १९७५ मध्ये शोधले. उंदराच्या प्लीहेतील प्रतिपिंड तयार करणारी पेशी त्यांनी कर्कपेशीशी जोडली. अशा एकाच संकरित पेशीच्या वंशातून एकाच साच्याची प्रतिपिंडे हवी तेवढी मिळू लागली. १९८४ मध्ये नील्स येर्ने यांच्यासह दोघांना नोबेल पारितोषिक मिळाले. ‘अ’ गटासाठीचे प्रतिपिंड ऱ्हॅम्नोज शर्करेच्या साखळीला जोडलेले एन-ॲसिटिलग्लुकोसामाइन ओळखते.

प्रत्यक्ष चाचणी सोपी आहे. घशातून फिरविलेला बोळा सोडियम नायट्राइट व ॲसिटिक आम्लाच्या मिश्रणात बुडवितात. त्यातून बनणारे नायट्रस आम्ल जीवाणूचे कर्बोदक मोकळे करते. रंगीत कण जोडलेली प्रतिपिंडे त्याला पकडतात आणि काही मिनिटांत पट्टीवर रेघ उमटते. बाजारातील सर्वच संच मोनोक्लोनल नसतात, हे येथे नमूद करावयास हवे. कित्येकांत आजही सशाची प्रतिपिंडे वापरली जातात.

रेघ उमटली तर निष्कर्ष सहसा विश्वसनीय असतो. न उमटल्यास संसर्ग नाहीच असे म्हणता येत नाही, कारण जीवाणू थोडे असल्यास वा बोळा नीट न फिरविल्यास चाचणी चुकते. म्हणूनच मुलांमध्ये नकारात्मक निष्कर्षानंतर स्राव माध्यमावर वाढवून पाहण्याची शिफारस केली जाते. ती सोय नसलेल्या गावांत निर्णयाचा भार डॉक्टरांवरच येतो. काही निरोगी मुलांच्या घशातही हा जीवाणू वास्तव्य करून असतो. अशा मुलास विषाणूमुळे ताप आला असला तरी रेघ उमटू शकते.