लिंबूफुलात लिंबू कुठे आहे?



फेसवॉश किंवा शांपूच्या बाटलीमागची बारीक अक्षरे वाचली, तर शेवटाशेवटाला बहुधा ‘सायट्रिक अॅसिड’ सापडते. हे म्हणजे आपल्या डब्यातले लिंबूफूल. बाटलीत ते पीएच खाली आणण्यासाठी घालतात. पीएच वर न्यायचा असेल तर सोडियम हायड्रॉक्साइड, म्हणजे कॉस्टिक सोडा, अगदी थोडा घालतात.

पीएच हे माप सोरेनसेन यांनी १९०९ साली कोपनहेगनच्या कार्ल्सबर्ग प्रयोगशाळेत मांडले. ७ म्हणजे मधोमध. त्याखाली आम्ल, त्यावर अल्कली, आणि एकेका आकड्यामागे दहापट फरक. १९२८ मध्ये शाडे आणि मार्किओनिनी या जर्मन संशोधकांनी सांगितले, की त्वचेवर आम्लाचे पातळ आवरण असते. त्वचेचा पीएच साधारण ४.५ ते ५.५ आणि साबणाचा ९ ते १०. साबणाने तोंड धुतल्यावर चेहरा ओढल्यासारखा होतो, त्याचे हेही एक कारण. आपल्या आज्यांच्या शिकेकाईचे पाणी मुळातच किंचित आम्ल असायचे.

आता या आम्लाची कथा. १७८४ साली स्वीडनचे औषधविक्रेते शेले यांनी लिंबाच्या रसातून त्याचे खडे वेगळे केले. पुढे शंभराहून अधिक वर्षे ते लिंबापासूनच बने आणि इटलीची लिंबे त्यात आघाडीवर होती. पहिल्या महायुद्धात तो व्यापार विस्कळीत झाला. १९१७ साली अमेरिकेत जेम्स करी यांनी दाखवून दिले, की ‘अॅस्परजिलस नायजर’ नावाची काळी बुरशी साखरेच्या पाण्यात वाढवली की ती भरपूर सायट्रिक अॅसिड तयार करते. १९१९ मध्ये फायझरने ब्रुकलिनमध्ये या पद्धतीने उत्पादन सुरू केले. आज बाजारातले बहुतेक लिंबूफूल असेच बनते. नावात लिंबू उरले, पिशवीत नाही.

इथे आपला प्रश्न सुरू होतो. बुरशी आपल्याकडे अनंतकाय मानतात. लोणच्यावर बुरशी दिसली की आपण ते खात नाही. अष्टमी-चतुर्दशीला हिरवे लिंबू नको म्हणून अनेक घरांत आमटीत लिंबूफूल पडते, आणि तेच बुरशीच्या आधाराने बनलेले असते! बुरशी गाळून काढतात आणि हाती येणारा खडा अचित्त असतो, हे खरे. पण ती मुद्दाम वाढवली जाते आणि काम झाले की टाकली जाते, हेही खरे. पाकिटावरचा हिरवा ठिपका आत मांसाहारी घटक नाहीत एवढेच सांगतो. बुरशीबद्दल तो काही सांगत नाही.

मी माझ्यापुरते ठरवले आहे. पर्वाच्या दिवशी आंबटपणाला आमसूल, आणि एरवी ताजे लिंबू. केसांना शिकेकाई. बाहेरून आलेल्या बाटलीत सायट्रिक अॅसिड असेल तर सुनेला अडवत नाही, पण ते कशातून येते एवढे तिला सांगितले आहे. तुमच्या गावात चातुर्मासाला माताजी असतील, तर हा प्रश्न त्यांच्यापुढे जरूर ठेवा. त्या काय म्हणाल्या ते मलाही कळवा.