आपण कुष्ठरोगी

संतांची चरित्रे वाचताना आपण बहुधा त्यांच्या मृत्यूपाशी थबकतो. मोलोकाईच्या संत डेमियन यांच्या बाबतीत मात्र एका शब्दापाशी थांबणे आम्हांस अधिक उचित वाटते.

बेल्जियममधील ट्रेमेलो गावी ३ जानेवारी १८४० रोजी त्यांचा जन्म झाला. हवाईला निघालेले थोरले बंधू आजारी पडले, म्हणून त्यांच्या जागी ते गेले. १८६४ साली होनोलुलू येथे त्यांना गुरुदीक्षा मिळाली. हवाईच्या राज्यात १८६५ च्या कायद्यान्वये कुष्ठरोग्यांना घरादारापासून तोडून मोलोकाई बेटावर, उंच कड्यांखालील भूशिरावर धाडीत. १० मे १८७३ रोजी फादर डेमियन तेथे पोहोचले. त्यांनी व्रण धुतले, घरे उभारली, शवपेट्या घडविल्या, थडगी खणली.

त्याच वर्षी बंधूंना लिहिलेल्या पत्रात त्यांनी कळविले की, प्रवचनात श्रोत्यांना 'बंधूंनो' न म्हणता आपण स्वतःलाही कुष्ठरोग्यांतच गणतो. मराठीत त्याला 'आम्ही' नव्हे, 'आपण कुष्ठरोगी' असेच म्हणावे लागेल. तेव्हा त्यांचा देह निरोगी होता! रोगाचे निदान झाले ते सुमारे अकरा वर्षांनी. रोगाने त्यांना रोग्यांच्या पंक्तीत बसविले नाही. ते आधीच तेथे जाऊन बसले होते.

१५ एप्रिल १८८९ रोजी, वयाच्या ४९ व्या वर्षी त्यांनी देह ठेवला. ११ ऑक्टोबर २००९ रोजी पोप बेनेडिक्ट सोळावे यांनी त्यांना संत घोषित केले.

आपल्या धर्मग्रामातील आजाऱ्यांविषयी बोलताना आपल्या तोंडी 'ते' येते की 'आपण'?